तिसऱ्या गेटजवळ, दुसरा मजला

पियानोच्या पोटात बिडाची चौकट असते
हे मला सुरांच्या आधी कळलं.
बाबा उद्यमबागला मोल्डर.
कॅम्पात मिस कुटिन्होंकडे मला न्यायला यायचे,
बुटांतली काळी वाळू पायरीवर झटकून.
एकदा मिसनी पुढची फळी काढून दाखवली,
तर तारा सोडून चौकटीकडेच बघत राहिले:
"चांगलं ओतलंय. एक ब्लोहोल नाही."

त्या पियानोला वाळवी लागली.
मिस लेकाकडे मडगावला गेल्या,
चौकट किलोवर भंगारात.
वितळली असेल कुणाच्या भट्टीत,
पंपाचं झाकण होऊन
आता खानापूरकडे उसाला पाणी पाजत असेल.

आणि मी, एकोणपन्नासाव्या वर्षी,
फ्लॅटचं कर्ज फिटल्यावर
किर्लोस्कर रोडवरच्या दुकानात उभी.
"हे घ्या की ओ अक्का," हुक्केरी म्हणतो,
"सहाशे आवाज हाईत. सनई हाय, तबला हाय,
घोड्याच्या टापा पण हाईत."
बटण दाबतो. पियानो एकटाच वाजत सुटतो,
आम्हां दोघांनाही न विचारता.

मला एकच आवाज हवा.
त्या शतकातला, जेव्हा माणसं खोकत खोकत
लांब पत्रं लिहीत,
परक्या शहरात बोटं शेकून
आपल्या गावचा नाच आठवत,
आणि ते गाव हल्ली कुठल्या राजाचं
हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.

"म्हंजे जुनं पाहिजे?"
"जुनं नको. जुन्याची सावली नीट पडेल असं."
हुक्केरी वर ट्यूबलाइटकडे बघतो.

मी अगदी डावीकडची पट्टी दाबून धरते.
मोजते.
सहाशे आवाजवाल्याचा सूर अकराला संपला,
नळ बंद केल्यासारखा.
कोपऱ्यात एक काळा होता, दहाच आवाजांचा,
धूळ खात. त्याचा एकवीसपर्यंत झिजत गेला,
पुढे रिक्षा आली, कधी विझला ते कळलंच नाही.
पट्ट्या जड, खालच्या अंगाला आणखी जड.
पेडल अर्धं दाबलं
तर सूर अर्धेच भिजले.

"ह्याच्यात लोखंड किती?"
"लोखंड कुठलं ओ. चिप हाय."
म्हणजे कुठल्याशा थंड देशात
एका खऱ्या पियानोसमोर श्वास रोखून
कुणी एकेक पट्टी वाजवली असणार,
हळू, मग जोरात, मग आणखी जोरात,
आणि हा आवाज तिथून आला.
बाबा म्हणाले असते,
साचा आलाय, बीड तिथंच राहिलं.

मी काळा घेतला.
पावती कन्नडमध्ये, त्यात माझं आडनाव
एका अक्षरानं लांबलेलं.
हमीपत्र जपानी आणि इंग्रजीत.
हप्ते मी मराठीत मोजले, बोटांच्या पेरांवर.

लिफ्ट नाही. मल्लेशी आणि त्याचा चुलतभाऊ
खोकं घेऊन जिन्यात.
"ओंदु, एरडु, मूरु."
ओंदुला पायरी, एरडु-मूरुला दम.
ओंदुला पायरी.
मी वर कठड्याला धरून उभी,
आणि मिसचा हात हवेत:
पहिल्यावर टेक, बाय, दोन-तीनला नुसती पावलं उचल.
वळणावर खोकं भिंतीला घासलं,
चुलतभाऊ हसला, ताल चुकला,
मग परत ओंदु.

रात्री गेट पडलं, मालगाडी गेली,
मग हेडफोन लावला.
त्या खोकणाऱ्या माणसांपैकी एकाचं काहीतरी,
तीन मात्रांचं, चार ओळींपुढे येत नाही,
पुन्हा पुन्हा तेवढंच.
माझ्या कानांत सगळा दिवाणखाना, मेणबत्त्या, हिवाळा.

सकाळी खालच्या देसूरकर वहिनी जिन्यात:
"रात्री एकपर्यंत काय कुटत होतीस गं? वेलदोडे?"
पट्ट्यांची नुसती ठकठक तेवढी
खाली पोचली होती.

हो म्हणून बसले.
आता कुंदा करून द्यावा लागणार.